टाकी बदलण्याआधी नळ बघा

घरातली पाण्याची टाकी रोज सकाळी रिकामी दिसायला लागली तर आपण काय करतो? नवी टाकी आणतो का? नाही. आधी न्हाणीघरातला नळ बघतो, मग फ्लशची टाकी, मग गच्चीवरच्या पाइपचा सांधा. कुठंतरी थेंब थेंब पाणी चाललेलं असतं. ते सापडलं की एका वायसरवर काम भागतं. हे शहाणपण आपल्या प्रत्येकीकडे आहे. मग गाडीची बॅटरी उतरली की ते जातं कुठं, हा माझा आजचा प्रश्न आहे.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पहाटे साडेपाचला सगळं आवरून, त्यांना शाल गुंडाळून गाडीत बसवलं. यांनी चावी फिरवली तर नुसती टकटक. शेजारच्या काकांना उठवून, त्यांच्या गाडीला केबल लावून एकदाची गाडी चालू केली. त्या दिवशी वेळेवर पोचलो, पण सासूबाईंचा रक्तदाब भीतीनंच वाढला होता.

मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, "चार वर्षं झाली, बॅटरीचं आयुष्य संपलं." नवी बसवली. पाच हजारांच्या वर गेले. रविवारी गाडी घेऊन नातेवाइकांकडे जाऊन आलो आणि गुरुवारी पुन्हा तीच टकटक! आता मेकॅनिक म्हणाला, "घरात कुणीतरी लाइट चालू ठेवतंय." झालं. आमच्याकडे गाडी धुवायला एक मुलगा येतो. कॉलेज करून सकाळी चार घरच्या गाड्या धुतो, त्यावर त्याची फी निघते. गाडीची दारं तोच उघडतो, म्हणजे त्याचंच काम, असं आम्ही ठरवून टाकलं. यांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही. बादली आणि फडकं जिन्याखाली नीट ठेवून गेला.

ते फडकं बघून मला दोन दिवस चैन पडलं नाही. आपण मोजलं काय, बघितलं काय आणि कशाच्या जोरावर त्याला काढलं?

बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. मैत्रिणींनो, यात अवघड काही नाही. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण भरलेली असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर ती साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. १२ च्या खाली गेली की बहुतेक संपलीच. गाडी चालू असताना हा आकडा साधारण १४ च्या आसपास दिसला तर चार्जिंग होत आहे. आमची गाडी चालू असताना १४.१ दिसत होतं. म्हणजे टाकीत पाणी चढत होतं, गळती दुसरीकडे होती.

पहिली परीक्षा तर मीटरशिवायही होते. गाडी पूर्ण चार्ज झाल्यावर दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची (आधी निगेटिव्हच काढायची, हातातल्या बांगड्या-अंगठी उतरवून, आणि गाडीची चावी खिशात ठेवून). तीन दिवसांनी वायर जोडून गाडी चालू करायची. लगेच चालू झाली तर बॅटरी बरी आहे, गाडीच तिला पीत आहे. चालू झाली नाही तर दोष बॅटरीचा. आमची पहिल्याच झटक्यात चालू झाली.

आता गळती किती, ते बघायचं. गाडी बंद असली तरी घड्याळ, रिमोटचं लॉक, आतला संगणक थोडा करंट घेतातच. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर चिंता नाही. मी पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर बॅटरीचं निगेटिव्ह टोक व काढलेली वायर यांच्या मधे जोडला. दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं, म्हणजे दार उघडं असलं तरी गाडीला ते बंद वाटतं. डिकी बंद, चावी काढलेली. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो.

सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, घाबरायचं नाही. गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. मी अर्धा तास थांबले, तेवढ्यात कुकर लावून आले. परत येऊन बघते तर ०.४३ अँपिअर! आता हिशोब करा. चोवीस तासांत दहा अँपिअर-अवरच्या वर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे तीन-साडेतीन दिवसांत खडखडाट. रविवार ते गुरुवार, बरोबर तेवढंच!

मग एकेक फ्यूज काढून आकडा बघायचा आणि तो परत लावायचा. हॉर्नचा काढला, फरक नाही. टेपचा काढला, फरक नाही. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा एकदम ०.०२ वर आला. पण छतावरचा दिवा तर बंद होता. गाडीच्या पुस्तकात बघितलं तर त्याच फ्यूजवर डिकीचा दिवाही आहे. आता बंद डिकीत दिवा चालू आहे की नाही, हे बघायचं कसं? फोनवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, डिकी लावली, मिनिटभरानं उघडली. व्हिडिओत दिवा शांतपणे जळतोय! पाच वॅटचा एवढासा बल्ब. डिकीच्या कुलपातलं बटण धूळ आणि गंजानं अडकलं होतं. वायरमननं ते साफ करून दिलं, दीडशे रुपये घेतले.

प्रत्येकीकडे बल्बच सापडेल असं नाही. बाहेरून बसवलेला टेप, कॅमेरा किंवा ट्रॅकर चावीच्या वायरऐवजी थेट बॅटरीवर जोडलेला असू शकतो. एखादा रिले चिकटतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो, तिथं जाणकार वायरमनच हवा. पण निदान कुठं बघायचं ते तरी कळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. मोजल्याशिवाय बॅटरी बदलून देणं ही दुरुस्ती नव्हे. आणि तशी बदलून घेणं हा आपला आळस आहे. पुन्हा पुन्हा पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरीही लवकर मरते. म्हणजे गळती तशीच ठेवून आपण दुसरीचाही जीव घेतो. जुन्या बॅटरीत शिसं आणि गंधकाचं आम्ल असतं. ती नीट ठिकाणी गेली नाही तर कुठल्यातरी वस्तीत ते शिसं उघड्यावर वितळतं आणि तिथल्या लेकरांच्या अंगात जातं. आपले पाच हजार ही त्यातली लहान गोष्ट आहे.

आणि मोठी गोष्ट ती बादली. कारण माहीत नसलं की आपण माणूस शोधतो, आणि तोही असा, जो उलटून बोलणार नाही. मेकॅनिकच्या एका वाक्यावर आम्ही एका मुलाची फी तोडली. दोष बल्बचा होता.

संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. यांनीच त्याला झालेलं सांगितलं, त्याच्या आईसमोर क्षमा मागितली आणि त्या दिवसांचे पैसे दिले. पर्वात दरवर्षी सगळ्यांना फोन करून "उत्तम क्षमा" म्हणणं सोपं जातं. त्या दारात उभं राहून म्हणताना माझा आवाज फुटेना. तो हसून म्हणाला, "काकू, डिकी मी कधी उघडतच नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलंच नव्हतं आम्ही. सोमवारपासून तो परत येतोय. मल्टिमीटर आता देवघराशेजारच्या कपाटात, टॉर्चच्या बाजूला ठेवलाय. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. पण नवी बॅटरी आणायच्या आधी.