वाळीत टाकण्याचा हक्क कोणत्याही धर्माला नाही

एखाद्या कुटुंबाशी गावाने, जातीने किंवा पंथाने सगळे व्यवहार ठरवून तोडणे म्हणजे सामाजिक बहिष्कार. महाराष्ट्रात त्याला वाळीत टाकणे म्हणतात. ही शिक्षा कधी गावकी देते, कधी जातपंचायत, तर कधी धर्मगुरू. कारणे नाना तऱ्हेची असतात: जातीबाहेरचे लग्न, पंचांनी ठरवलेला दंड भरण्यास नकार, उत्सवाच्या वर्गणीवरून वाद, जमिनीचा तंटा कोर्टात नेणे, निवडणुकीत गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभे राहणे. यांतल्या निम्म्याहून अधिक कारणांचा देवाशी काडीमात्र संबंध नाही. तरीही शिक्षा मात्र देवाच्या नावाने आणि देवळाच्या आवारात सुनावली जाते.

कोकणातल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून निघते आणि घरोघर जाते. अंगण सारवलेले असते, रांगोळी काढलेली असते, सुना-लेकी ओटीचे ताट घेऊन दारात उभ्या असतात. मुंबईचे चाकरमानी याच दिवसांसाठी रजा राखून ठेवतात. वाळीत टाकलेल्या घरासमोर ही पालखी थांबत नाही. ओटी ताटातच राहते. वर्षभर मग तेच चालते. वाडीतला दुकानदार सामान देत नाही, शेतावर मजूर येत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मुलांशी शेजारची मुले खेळत नाहीत. सर्वांत जिव्हारी लागते ते मयताच्या वेळी. तिरडी बांधायला आणि खांदा द्यायला माणसे मिळत नाहीत, आणि घरातल्यांना परगावच्या नातेवाइकांची वाट पाहत मृतदेहापाशी बसावे लागते. जो कोणी अशा घराशी बोलेल त्यालाही दंड, असा नियम असतो. त्यामुळे ज्याच्या मनात काही वैर नाही असा शेजारीसुद्धा मान खाली घालून निघून जातो. बहिष्काराची सगळी ताकद या धाकात आहे. त्या धाकाला श्रद्धा म्हणणे हा श्रद्धेचाच अपमान आहे.

ही शिक्षा महाराष्ट्राला नवी नाही. परंपरा सांगते की, संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले आणि त्यांच्या निरपराध मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. त्या मुलांपैकी एकाच्या नावाचा गजर करीत आज लाखो वारकरी पंढरीची वाट चालतात. त्यांच्याकडे शुद्धिपत्र मागणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही.

एकोणिसाव्या शतकात हेच हत्यार सुधारकांवर उगारले गेले. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांचीही नावे त्यात होती, आणि मिशनऱ्यांच्या घरचा एक कप चहा हा प्रायश्चित्ताचा विषय झाला. हायकोर्टाचा न्यायाधीश होण्याच्या योग्यतेच्या रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले, तिथे साध्या कुळवाड्याची काय कथा? धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांना घरात घेतल्यास आई-भावालाही तीच शिक्षा होती. एका माणसाच्या सदसद्विवेकाची किंमत त्याच्या आईकडून वसूल करायची, ही या पद्धतीची जुनी रीत आहे आणि ती आजही तशीच चालू आहे.

सर्वाधिक झळ अर्थातच दलितांनी सोसली. ज्याला गावात जमीन नाही, विहीर नाही, दुकान नाही, त्याच्यावरचा बहिष्कार म्हणजे उपासमार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले होते. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर त्यांनी काढलेल्या पाक्षिकाचे नावच ‘बहिष्कृत भारत’ होते. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाच्या ज्या मागण्या त्यांनी मांडल्या, त्यांत सामाजिक बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवावा ही मागणी होती. ब्रह्मदेशात 1922 साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना त्यासाठी त्यांच्यासमोर होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 साली जातिबहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून अनुयायाला पंथाबाहेर काढणे हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे आणि संविधानाचा 26 वा अनुच्छेद त्याला संरक्षण देतो, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळे मत नोंदवले. बोहरा समाजातल्या सुधारकांना पुढची कित्येक वर्षे बहुमताच्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. असगर अली इंजिनियर यांचे आयुष्य या झगड्यात गेले. 1962 च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून 1986 साली दाखल झालेली याचिका 2023 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आली.

बहुमताचा तो निर्णय चुकीचा होता, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. 25 वा अनुच्छेद सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना देतो. पंथाचा अधिकार त्यानंतर, 26 व्या अनुच्छेदात येतो. पंथ माणसांमुळे असतो. कोणाला दीक्षा द्यावी, कोणत्या विधीत कोणाला सामील करावे, हे पंथाने खुशाल ठरवावे. पण माणसाचे किराणा दुकान, त्याची बायको, त्याची दफनाची जागा या गोष्टी पंथाच्या कारभारात येत नाहीत. गुरूचे मत न पटलेल्या मुलाशी आईने बोलू नये, हा फतवा कोणत्याही ईश्वराच्या उपासनेचा भाग असू शकत नाही.

बहिष्काराचे समर्थक विचारतात की शिस्तीशिवाय समाज टिकेल कसा. वारकरी संप्रदाय हे त्याचे उत्तर आहे. गळ्यात माळ घालणारा ती स्वखुशीने घालतो, एकादशी आपली आपण पाळतो, आणि त्याने ती मोडली तर त्याच्या दाराशी कोणी पंच जात नाही. शतकानुशतके हा संप्रदाय वाढतो आहे. दुसरा आक्षेप असा की, एका धर्माला हात लावला जातो आणि दुसऱ्याला सोडले जाते. या तक्रारीत तथ्य असेल तिथे उपाय एकच: कायदा सर्वांना सारखा लावणे. गावकीची पालखी, जातपंचायतीचा दंड आणि धर्मगुरूचा फतवा यांत कायद्याने फरक करता कामा नये.

तसा कायदा महाराष्ट्रात आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 पासून चालवलेल्या ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियानाने या प्रश्नाला वाचा फोडली. त्याच वर्षी समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, तरी कार्यकर्ते थांबले नाहीत. 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वसूल झालेला दंड पीडिताला देता येतो. ज्या बैठकीत बहिष्कार ठरतो तिथे चर्चेत भाग घेणारा आणि बाजूने मत देणाराही दोषी ठरतो. म्हणून ‘मी फक्त बसलो होतो, पंचांनी ठरवले’ असे म्हणत हात वर करण्यापूर्वी प्रत्येक गावकऱ्याने विचार करावा.

कायदा असूनही गुन्हे कमीच नोंदवले जातात, कारण तक्रारदाराला त्याच गावात राहायचे असते. ठाण्यावर ‘आपसात मिटवा’ असा सल्ला मिळतो, आणि मिटवणे म्हणजे बहुधा पंचांची माफी मागून दंड भरणे. हा सल्ला देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. गुन्हा दखलपात्र आहे आणि तो नोंदवून घेणे बंधनकारक आहे. पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणालाही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा, असे कायदा सांगतो. तक्रारीत बैठकीची तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावे आणि नेमका कोणता व्यवहार तोडला ते लिहावे. दंडाची पावती, मोबाइलवरचे निरोप, उत्सवाच्या यादीतून वगळलेले नाव हे सगळे पुरावे जपून ठेवावेत आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये.