दुरुस्त झालेल्या गाडीचा बट्टा कोणी सोसावा?

पावसात भिजलेली तूर उन्हात वाळवून, चाळून, नव्या पोत्यांत भरून बाजारात आणली, तर ती वजनात पुरी भरते आणि बहुधा शिजतेही चांगली. तथापि रविवार पेठेतील जाणता खरेदीदार मूठभर माल हातात घेताच तो डागी असल्याचे ओळखतो आणि क्विंटलमागे बट्टा कापूनच बोली करतो. हा बट्टा अन्यायाचा आहे, असे आम्ही इतक्या वर्षांच्या आडतीत कधी म्हटले नाही. भिजलेल्या मालात पुढे काय निघेल ही शंका खरेदीदाराने अंगावर घ्यावयाची असते, आणि शंकेलाही बाजारात किंमत असते.

आज आम्ही सभासद बंधूंपुढे जो विषय मांडू इच्छितो तो धान्याचा नसून मोटारीचा आहे. परंतु हिशेब हाच आहे.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून बेळगावकडे येत असता निपाणीनजीक महामार्गावर वाहनांची रांग थांबली होती. त्या रांगेत उभ्या असलेल्या आमच्या दीड वर्षाच्या मोटारीस मागून एका भरलेल्या ट्रकने धडक दिली. कोणास इजा झाली नाही, ही पूर्वपुण्याई. पोलिसांनी पंचनामा केला आणि दोष ट्रकचालकाचा असल्याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. मागील पत्रा, डिकी व खालचा सांगाडा दुरुस्त करण्यास १ लाख ८५ हजार रुपये लागले. आमच्या विमा कंपनीने नियमाप्रमाणे कापाकाप करून बाकीची रक्कम दिली, आणि प्रकरण मिटले असे आम्ही समजलो.

ते मिटलेले नव्हते, हे गाडी विकावयास काढली तेव्हा कळले. त्याच बनावटीच्या, त्याच वर्षाच्या व तेवढ्याच चाललेल्या गाडीस ७ लाख ४० हजारांची बोली होती. आमच्या गाडीस कोणी ६ लाख २० हजारांच्या वर चढेना. दलालाने रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र पत्र्यावर टेकविले, सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागितल्या आणि मान हलविली. गाडी उत्तम चालत होती. तरी १ लाख २० हजार रुपये गेले ते गेलेच. ही रक्कम ना दुरुस्तीच्या बिलात दिसते, ना विम्याच्या कागदात.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पुष्कळ सभासदांस वाटते की, ‘शून्य घसारा’ विमा घेतला म्हणजे हेही नुकसान भरून निघते. तसे नाही. साध्या विम्यात बदललेल्या भागांवर घसारा कापतात. दीड वर्षाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर तो १० टक्के, तर प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के असतो. शून्य घसाऱ्यात ही कापाकाप टळते, एवढेच. गाडीच्या बाजारभावात जी तूट येते ती आपला विमा देत नाही. पॉलिसीत परिणामजन्य नुकसान व घसारा स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. त्याबद्दल आपल्या कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, कारण तो करार आपणच केलेला आहे.

मागणी करावयाची ती ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडे व त्याच्या विम्याकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अपघाताच्या दाव्यांसाठी जी न्यायाधिकरणे ठेविली आहेत, त्यांच्यापुढे तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा चालतो. मालमत्तेचे नुकसान २,००० रुपयांहून अधिक असल्यास दिवाणी न्यायालयात जाण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई द्यावी, असा कायद्याचा शब्द आहे. घटलेल्या विक्रीमूल्याचा उल्लेख त्यात नावानिशी नाही, पण मनाईही नाही. आमच्या वकील स्नेह्यांनी दाखवून दिले की, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने असे मूल्यघटीचे नुकसान १९५८ पासून मान्य केले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात तर २००१ च्या निर्णयाने खुद्द आपल्या विमेदारासही ही घट मोजून देणे कंपनीवर बंधनकारक झाले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७४ मध्ये तत्त्व मान्य केले, परंतु पुराव्याअभावी त्या वादीस रिकाम्या हाती परतावे लागले. ही शेवटची गोष्ट आपण ध्यानात धरण्यासारखी आहे.

आमच्या परिचयाचे एक व्यापारी म्हणाले, “एवढी यातायात कशाला? अपघाताचा शब्दही न काढता गाडी परगावी विकून टाका.” हा सल्ला आम्हांस अनेकांनी दिला, आणि येथेच मूळ प्रश्न आहे. असे करणाऱ्याचे नुकसान होत नाही; ते अजाण खरेदीदाराच्या गळ्यात पडते. एकाच्या नावाने दुसरा माल खपविणे, अर्थात् प्रतिरूपक व्यवहार, हा आपल्याकडे अचौर्याणुव्रताचा अतिचार सांगितलेला आहे. खोट्या वजनमापाच्या पंक्तीस तो बसविलेला आहे. तेव्हा बट्टा सोसतो तो फक्त खरे सांगणारा. ज्याने धडक दिली तो मोकळा, ज्याने लपविले तो मोकळा, आणि ज्याने सत्य सांगितले त्याच्या खतावणीत १ लाख २० हजारांची तूट! ही तूट मागणे म्हणजे लोभ, असे आम्हांस वाटत नाही. विक्रीच्या वेळी ज्याने उघड सांगितले आहे, त्यालाच ती मागण्याचा अधिकार पोहोचतो.

मात्र हीच फूटपट्टी आपल्या ट्रकांसही लावली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रकने वळणावर एका गृहस्थांच्या जीपला धक्का दिला होता. दोष आमच्या चालकाचा होता. आम्ही दुरुस्तीचे बिल चुकते केले व आपण फार मोठ्या मनाने वागलो अशी समजूत करून घेतली. ते गृहस्थ जाताना म्हणाले होते की, आता या जीपला भाव येणार नाही. आम्ही हसलो होतो. ते वाक्य समजण्यास आमची स्वतःची गाडी ठोकली जावी लागली.

ज्या सभासदांच्या मालवाहू गाड्या आहेत त्यांनी आपल्या पॉलिसीचा एक रकाना अवश्य पाहावा. तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठीची मर्यादा सामान्यतः ७ लाख ५० हजारांची असते. परंतु थोडा हप्ता वाचविण्यासाठी ती ६,००० रुपयांवर आणून ठेवण्याची सवलत काही जण घेतात. मग वरची रक्कम मालकाच्याच पेढीतून जावयाची.

दावा करावयाचा असल्यास जागेवरची छायाचित्रे, पंचनाम्याची नक्कल, सर्वेक्षकाचा अहवाल व दुरुस्तीची तपशीलवार बिले जपावी. अपघातापूर्वीची व दुरुस्तीनंतरची किंमत मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून लेखी घ्यावी आणि दोन-तीन दलालांच्या बोल्या सहीनिशी मिळवाव्या. तोंडी भाव न्यायासनापुढे चालत नाहीत. विम्याने दिलेली रक्कम पुन्हा मागू नये. दिरंगाई तर मुळीच करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली आहे. तिच्याविषयी न्यायालयांत वाद उपस्थित झाला असला, तरी त्या भरवशावर कोणी बसू नये.

आम्ही मुदतीत दावा दाखल केला असून निकाल अद्याप लागावयाचा आहे. गाडी ६ लाख १५ हजारांस विकली, अपघाताचे कागद घेणाऱ्याच्या हाती दिले आणि त्याची पोच घेतली. त्या जीपवाल्या गृहस्थांचा पत्ता जुन्या वहीत सापडला आहे. त्यांना पत्र घातले आहे. आमच्या दाव्याच्या नकला संघाच्या कार्यालयात ठेविल्या आहेत. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनी दुपारी लिलाव आटोपल्यावर यावे.