हातातला पगार आणि हक्काचा पगार

नव्या श्रमसंहितांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांत सारखाच ऐकू येतो : 'हातात येणारा पगार कमी होणार.' 21 नोव्हेंबर 2025 रोजी चारही संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यांत सामावले गेले, आणि चर्चा मात्र या एका भीतीभोवती अडकली. आक्षेपात कर्मचाऱ्याची काळजी दिसते, म्हणून तो चटकन पटतो. मला तो साफ चुकीचा वाटतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. संहितेतल्या नव्या व्याख्येनुसार मूळ वेतन आणि महागाई भत्ता म्हणजे वेतन. घरभाडे, प्रवासखर्च, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे त्याबाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. वेतन वाढले की पीएफची कपात वाढणार आणि हातात कमी पडणार, असा हा युक्तिवाद.

आता हिशेब करू. महिना 40,000 रुपये, त्यात बेसिक 12,000 आणि बाकी सारे भत्ते. 12 टक्क्यांनी पीएफ कापला जातो 1,440. नव्या व्याख्येने वेतन झाले 20,000. पण सक्तीच्या कपातीला 2014 पासून 15,000 च्या वेतनाची मर्यादा आहे, म्हणजे कपात 1,800. फरक 360 रुपयांचा. तो जातो त्याच माणसाच्या खात्यात, आणि मालकालाही तेवढीच भर घालावी लागते. ज्याचे 1,800 आधीपासूनच कापले जातात, त्याच्यावर यापुढची सक्ती नाही.

हाच माणूस दहा वर्षांनी नोकरी सोडतो तेव्हा काय होते? ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची, महिना 26 दिवसांचा धरून. 12,000 वर ती 69,231 रुपये होते, 20,000 वर 1,15,385. शेहेचाळीस हजारांची ही वाढ सोडून 360 रुपयांचाच गवगवा होतो, याचा मला राग येतो.

कायदा कर्मचाऱ्याच्या खिशातून काढून घेत असता, तर कंपन्यांच्या ताळेबंदावर ओझे कशाला पडले असते? डिसेंबर 2025 ला संपलेल्या तिमाहीत टीसीएसने या बदलापोटी 2,128 कोटी रुपयांची तरतूद दाखवली, इन्फोसिसने 1,289 कोटींची. त्यातला मोठा वाटा ग्रॅच्युइटीचा. पगाराची मांडणी बदलून आजवर जे देणे लहान राहिले होते, त्याचाच हा आकडा.

लहान उद्योजकाचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर, पण साऱ्या सेवाकाळासाठी मोजली जाते. त्यामुळे जुन्या कामगारांचे देणे एकदम फुगते. भोसरीतल्या पन्नास माणसांच्या वर्कशॉपला ते जड जाईल, हे मान्य. पण पीएफपुरता इशारा तरी फेब्रुवारी 2019 मध्येच मिळाला होता. सरसकट सर्वांना दिला जाणारा विशेष भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच मोजायचा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिला. त्यानंतरही बेसिक तीस टक्क्यांवर ठेवणाऱ्यांनी जोखीम जाणूनबुजून घेतली होती.

शिवाय मुदतीच्या नोकरीतल्या माणसाला आता एका वर्षातच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यावेच लागते, आणि राजीनाम्यानंतर थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकवावे लागते. 'फुल अँड फायनल'साठी महिनोन् महिने फोन करणाऱ्याला या शेवटच्या तरतुदीचे मोल सांगावे लागत नाही.

संहितांतले सगळेच मला मान्य नाही. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेली, हे अन्यायाचे आहे आणि कामगार संघटनांचा त्याला विरोध योग्यच आहे. पण तो राग वेतनाच्या व्याख्येवर काढू नये.

व्याख्येला खरा धोका आहे तो सीटीसीचा, म्हणजे कर्मचाऱ्यापोटी कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाच्या ठरलेल्या आकड्याचा. पीएफमधला मालकाचा वाढीव हिस्सा आणि वाढीव ग्रॅच्युइटी त्याच जुन्या आकड्यात बसवली, तर मालकाचे ओझे कर्मचाऱ्यावरच फिरते. वरच्या उदाहरणातले 360 मग 720 होतात आणि ग्रॅच्युइटीपोटीची रक्कमही त्याच आकड्यातून वजा होते. म्हणून ग्रॅच्युइटी कोणत्या वेतनावर मोजली जाते आणि मालकाचा हिस्सा कुठून येतो, हे दर महिन्याच्या पगारपत्रकावर छापणे सक्तीचे करावे. संघटनांनी बळ लावायला हवे ते या मागणीमागे.