मरिन परत आलेत, टोकियो परत येईल का?

2 ऑगस्ट 2021, सोमवार. सकाळी साडेआठला टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला हॉकीची क्वार्टर फायनल, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. समोर तीनदा ऑलिम्पिक गोल्ड जिंकलेली टीम, त्यामुळे आपल्या मुली किती गोलने हरणार, एवढीच चर्चा होती. 22व्या मिनिटाला गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला. पुढची 38 मिनिटं सविता पुनिया आणि बचावफळीने तो एक गोल जिवापाड सांभाळला.

मॅच संपल्यावर कोच शोर्ड मरिन यांनी घरच्यांची माफी मागत, यायला अजून उशीर होईल, असं ट्विट केलं. त्याला 'चक दे इंडिया'मधल्या कबीर खानच्या थाटात शाहरुखने उत्तर दिलं आणि सोशल मीडियावर नुसता धुमाकूळ झाला. हॉकी कधीच न बघणारेही त्या दिवशी हॉकीचे फॅन झाले. त्यातले बरेच पुढच्या आठवड्यात विसरले. जे उरले, त्यांच्यासाठी 2 जानेवारी 2026 ही तारीख खास ठरली. त्या दिवशी हॉकी इंडियाने जाहीर केलं की मरिन पुन्हा महिला टीमचे कोच होणार.

आता या उरलेल्या फॅनने किती आशा ठेवायची? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मरिन नेदरलँड्सचे. 2017च्या सुरुवातीला ते भारताच्या महिला टीमकडे आले. काही महिन्यांतच त्यांना उचलून पुरुष टीमकडे पाठवलं आणि महिला टीम हरेंद्र सिंग यांच्याकडे दिली. 2018च्या कॉमनवेल्थमध्ये पुरुष टीम मेडलशिवाय परतली. लगेच खुर्च्यांची अदलाबदल झाली. हरेंद्र पुरुष टीमकडे गेले, मरिन परत महिलांकडे. त्यावर्षी कुणी हा आपल्या हॉकीच्या इतिहासातला मोठा कोच ठरेल असं म्हटलं असतं, तर लोक हसले असते. गंमत म्हणजे आत्ताही मरिन हरेंद्र यांच्याच जागी आलेत. हरेंद्र यांनी डिसेंबर 2025 मध्ये राजीनामा दिला.

मग टोकियो घडलं कसं? इथे फॅनला न आवडणारी एक गोष्ट सांगावी लागते. ती सगळी कहाणी दोनदा अगदी केसाच्या अंतराने वाचली होती.

पहिल्यांदा नोव्हेंबर 2019, भुवनेश्वर. ऑलिम्पिकच्या तिकिटासाठी अमेरिकेविरुद्ध दोन मॅच, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पहिली मॅच भारताने 5-1 जिंकली. दुसरीत हाफटाइमलाच अमेरिका 4-0 ने पुढे. एकूण गोल 5-5! शेवटच्या क्वार्टरमध्ये राणी रामपालने गोल मारला आणि भारत 6-5 ने सुटला. तो गोल झाला नसता तर टोकियोचं तिकीट तिथेच शूटआउटवर अडकलं असतं.

दुसऱ्यांदा खुद्द टोकियोत. पहिल्या तिन्ही मॅच भारत हरला: नेदरलँड्सकडून 1-5, जर्मनीकडून 0-2, ब्रिटनकडून 1-4. मग आयर्लंडला 1-0 हरवलं, वंदना कटारियाच्या हॅटट्रिकवर दक्षिण आफ्रिकेला 4-3 हरवलं, तरीही पुढे जाणं आपल्या हातात नव्हतं. त्या संध्याकाळी ब्रिटनने आयर्लंडला हरवलं म्हणून भारत क्वार्टर फायनलला पोचला. शेवटी ब्राँझच्या मॅचमध्ये 3-4 अशी हार झाली. चौथा नंबर. 2016च्या रिओत बारापैकी बारावी आलेली टीम, हे लक्षात घेतलं तर हा चौथा नंबर किती मोठा, ते कळतं.

मरिन यांच्यानंतर आल्या यानेक शॉपमन. मरिन यांच्याच सपोर्ट स्टाफमधल्या, त्यामुळे पद्धत बरीचशी तीच होती. 2022च्या कॉमनवेल्थचं ब्राँझ, पुढच्या वर्षी एशियन गेम्सचं ब्राँझ, आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी, सगळं मिळालं. पण जानेवारी 2024 मध्ये रांचीत पॅरिसच्या तिकिटाची वेळ आली तेव्हा सेमीफायनल जर्मनीविरुद्ध शूटआउटवर गेली आणि तिसऱ्या जागेची मॅच जपानने 1-0 जिंकली. पॅरिस हुकलं, महिन्याभरात शॉपमन गेल्या. जाण्याआधी त्या उघडपणे बोलल्या होत्या की इथे काम करताना आपल्याला किंमत आणि सन्मान मिळत नाही.

म्हणजे बघा, भुवनेश्वरमध्ये एक गोल झाला म्हणून मरिन हिरो. रांचीत एक गोल झाला नाही म्हणून शॉपमन अपयशी. दोघांच्या कामात तेवढाच फरक होता असं नाही, पण फॅनच्या मनातली प्रतिमा मात्र त्या एका गोलवर ठरली.

मरिन यांचं काम त्यामुळे छोटं होत नाही. त्यांच्या काळात सगळ्यात जास्त बदलला तो फिटनेस. आधी शेवटच्या पंधरा मिनिटांत भारतीय टीम दमायची आणि मॅच हातातून जायची. सायंटिफिक ॲडव्हायझर वेन लोम्बार्ड यांनी त्यावर कित्येक महिने खपून काम केलं. हे लोम्बार्डही मरिन यांच्याबरोबर परतलेत. फॅनने खरं तर या बातमीवर जास्त खूश व्हायला हवं.

त्यात कोविडचा विचित्र हातभारही होता. लॉकडाऊनमध्ये टीम बंगळुरूच्या साई केंद्रात अडकली, कित्येक महिने एकत्र राहिली. सगळ्या मुलींना हाल झाले, पण एकमेकींचा खेळ पाठ झाला. असा वेळ कुठल्याच कोचला मागून मिळत नाही. यावेळी तर मुळीच नाही.

कारण आत्ताची टीम वेगळ्याच अडचणीत आहे. 2024च्या शेवटी राजगीरमध्ये चीनला 1-0 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा सगळं रुळावर आल्यासारखं वाटलं. पण पुढच्या वर्षी प्रो लीगमध्ये टीम नऊपैकी नववी आली आणि खालच्या पायरीवर, नेशन्स कपमध्ये ढकलली गेली. हे नुसतं इज्जतीचं नुकसान नाही. प्रो लीगमध्ये असलं की नेदरलँड्स, अर्जेंटिना, बेल्जियम अशा टीमशी वर्षभर खेळायला मिळतं. ते बंद झालं की तुम्ही किती मागे आहात, हे थेट मोठ्या स्पर्धेतच कळतं. सप्टेंबर 2025 मध्ये आशिया कपच्या फायनलमध्ये चीनने 4-1 ने हरवलं आणि वर्ल्ड कपचं थेट तिकीटही गेलं.

टोकियोतली नावंही आता कमी उरलीत. राणी आणि वंदना निवृत्त झाल्या. कॅप्टन सलीमा टेटे तेव्हा टीममधल्या लहान मुलींपैकी होती. ड्रॅगफ्लिकची मदार आता दीपिकावर आहे. दुखापतीमुळे ती आशिया कपला नव्हती तेव्हा मागे दुसरं कोण, हा प्रश्न उघडा पडला. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या दोघी अलीकडे टीममध्ये दिसू लागल्यात. मरिन यांच्यासाठी अशा बऱ्याच खेळाडू नव्या आहेत. शिवाय 2022 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला होता, काही खेळाडू दुखावले होते. पण टीम आता बरीच बदललीय, त्यामुळे त्याचा फार त्रास होऊ नये.

आता कॅलेंडर बघा. मार्च 2026 मध्ये हैदराबादला वर्ल्ड कपची पात्रता फेरी. तिथून पुढे गेलं तर ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वर्ल्ड कप. सप्टेंबरमध्ये जपानला एशियन गेम्स, आणि तिथल्या गोल्डवर 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट. ते गोल्ड भारतीय महिलांनी शेवटचं 1982 मध्ये जिंकलं होतं. 2018 मध्ये जकार्तात मरिन यांचीच टीम फायनलला पोचली होती आणि जपानकडून 1-2 ने हरली.

तेव्हा हैदराबादला फॅनने स्कोअरच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. चौथ्या क्वार्टरमध्ये आपल्या मुली पळतायत की चालतायत? आणि दीपिका बेंचवर असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला, तर बॉलमागे उभं कोण राहतंय?