वंदन आणि सक्ती

प्रतिवर्षी १७ सप्टेंबरच्या प्रातःकाळी उमरीच्या शाळांतून राष्ट्रध्वज चढतो. ब्रिटिशांची सत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपली. निजामाच्या अमलाखालील आमचा मराठवाडा मात्र त्यानंतर तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. ज्या उमरीतील बँक ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली, त्या गावास ध्वजाचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि एका प्रश्नाचा विचार आपण शांतपणे केला पाहिजे. ध्वजवंदनाच्या वेळी एखादा विद्यार्थी आपल्या धर्मश्रद्धेमुळे गीत न गाता मुकाट्याने उभा राहिला, तर त्यास शिक्षा करावी काय? करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे कारण आम्हांस आमच्याच प्रांताच्या इतिहासात सापडते.

सन १९३८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेतील कॉलेजात व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. शेकडो विद्यार्थ्यांनी विद्यालय सोडले, पण गीत सोडले नाही. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांस आश्रय दिला. पुढे १९९१ साली पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव हे याच चळवळीतले.

त्या मुलांवर अन्याय झाला तो कोणता? मुलाच्या ओठांवर काय यावे, हे हुकुमाने ठरविण्यात आले, हाच तो अन्याय होय. कोणी म्हणतील, परक्या सत्तेची मनाई व स्वराज्याचा आग्रह यांत अंतर आहे. अंतर आहे खरे. परंतु छडीच्या धाकाने म्हटलेल्या गीतात गाणाऱ्याचे मन नसते, ही गोष्ट राज्य बदलल्याने बदलत नाही.

केरळात १९८५ साली तीन भावंडांस शाळेतून काढण्यात आले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. धर्ममतामुळे गात मात्र नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस पुन्हा शाळेत घेण्याचा निर्णय दिला. जो स्तब्ध उभा आहे तो अपमान करीत नाही, हा त्यातील आशय आम्हांस सर्वथा ग्राह्य वाटतो.

हाच न्याय आम्ही मिशनशाळांनी स्वतःसही लावला पाहिजे. शासनमान्य वा अनुदानित शाळेतील कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धर्मोपासनेस बसविता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. आमच्या प्रार्थनेच्या वेळी जो हात जोडीत नाही, त्याच्याकडे आम्ही वक्रदृष्टीने पाहिले, तर ध्वजापुढे मौन धरणाऱ्याची बाजू घेण्याचा अधिकार आम्हांस राहणार नाही.

याचा अर्थ शिस्त सोडावी असा नव्हे. ध्वजवंदनास सर्वांनी उपस्थित असावे, सरळ उभे राहावे, कोणी गडबड करू नये. एवढे मागण्याचा शाळेस पूर्ण हक्क आहे. त्यापलीकडील कार्य शिक्षकाच्या शिकवणुकीचे व मातापित्यांच्या उदाहरणाचे आहे.

विद्यार्थीमित्रहो, येत्या १७ सप्टेंबरला तुम्ही मोकळ्या कंठाने गा. शेजारचा सोबती मौन असेल तर त्यास टोचून बोलू नका. विद्यालय सोडून गेलेल्या त्या मुलांची आठवण राखण्याचा हाही एक मार्ग आहे.