नांवापुढील एक शब्द

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं, हें खानदेशांत सर्वश्रुत आहे. तरीहि आपल्या घरांतून 'तुरुंग' हा शब्द अद्याप कुजबुजतच उच्चारला जातो. आणि ज्या विषयाची केवळ कुजबुज होते, त्याचें यथार्थ ज्ञान कोणासच होत नाहीं.

हल्लीं एखादा आप्त अटकेंत पडला, तर घरांतील तरुण मंडळी प्रथम फोनवर त्याचें नांव शोधूं लागतात. नांव सांपडतें, परंतु त्यापुढील शब्दाचा अर्थ न कळल्यामुळें अनर्थ ओढवतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं 'न्यायालयीन कोठडी' हे शब्द वाचून मुलास शिक्षाच झाली अशी समजूत झाली. वकील गांठावयाचें सोडून माउलीनें अंथरूण धरलें व बहिणीच्या सोयरिकीचें बोलणें थांबलें. वास्तविक तोंवर दोषारोपपत्रहि दाखल झालें नव्हतें!

'पोलिस कोठडी' म्हणजे तपासासाठीं पोलिसांचा ताबा. 'न्यायालयीन कोठडी' म्हणजे न्यायालयाच्या हुकमानें तुरुंगांतील वास. कोर्टांत यांनाच अनुक्रमें 'पीसीआर' व 'एमसीआर' म्हणतात. पहिलींतून दुसरींत जाणें हें दुश्चिन्ह नव्हे; जामिनाच्या अर्जास बहुधा तोच काळ अनुकूल असतो.

तुरुंगाच्या दप्तरांतील शब्दांचा तर समास सोडविला कीं अर्थ आपोआप उलगडतो. 'न्यायाधीन बंदी' हा तत्पुरुष: न्यायाच्या अधीन असलेला, ज्याचा निवाडा व्हावयाचा आहे असा. 'सिद्धदोष बंदी' हा बहुव्रीहि: सिद्ध झाला आहे दोष ज्याचा तो. देशांतील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकीं ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे चारांतील तिघांचा दोष ठरलेलाच नव्हता. 'स्थानबद्ध' हा तिसरा प्रकार. त्यास प्रतिबंधक कायद्याखालीं ठेविलेलें असतें. म्हणून जामिनाच्या खटपटींत दिवस न दवडतां सल्लागार मंडळापुढें निवेदन करावें व उच्च न्यायालयाची वाट धरावी.

मुदतीहि ध्यानांत ठेवाव्या. अटकेपासून २४ तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ वगळून, मनुष्यास न्यायाधीशापुढें उभें केलेंच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें पोलिस कोठडी एकंदर १५ दिवसांहून अधिक देतां येत नाहीं. ६० दिवसांत, व मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल न झाल्यास जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. विशेष कायद्यांच्या मुदती निराळ्या असतात. यास्तव अटकेची तारीख भिंतीवरील पंचांगावर लिहून ठेवावी.

'ई-कोर्ट्स'वर जिल्हा जळगांव व न्यायालय भुसावळ निवडून, पक्षकाराचें नांव व वर्ष घालून खटला पाहतां येतो. तेथें 'डिस्पोज्ड' हा शब्द दिसतांच हर्ष वा शोक करूं नये. जामिनाच्या अर्जास स्वतंत्र क्रमांक असतो. निकालांत निघाला तो बहुधा अर्ज, मूळ खटला नव्हे. अर्ज मंजूर झाला कीं नामंजूर, तें खालच्या ओळींत पाहावें.

नांव न सांपडल्यास प्रथम त्याचे स्पेलिंग बदलून पाहावें. शिवाय आपलें गांव पडलें जंक्शनचें. गाडींत पकडलेल्या मनुष्याची नोंद शहरच्या ठाण्यांत नसून रेल्वे पोलिसांकडे असूं शकते. अटकेची खबर आप्तास देणें हें पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि अशी माहिती देण्यासाठीं प्रत्येक ठाण्यांत एक अधिकारी नेमलेला असावा, असें संहितेच्या ३७ व्या कलमांत सांगितलें आहे. त्याचें नांव निःसंकोच विचारावें. वकिलाची ऐपत नसल्यास विधि सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनि क्रमांक आहे.

नांवापुढील शब्द हा खटल्याचा टप्पा सांगतो, मनुष्याचें शील नव्हे. तो नीट वाचून त्याच दिवशीं पुढील पाऊल उचलावें. सोयरिकी मोडावयास व अश्रु ढाळावयास पुढें पुष्कळ अवकाश असतो, जामिनाच्या मुदतीस मात्र तो नसतो.