लक्ष नव्हतं म्हणे

बोट तुटलं की वखारवाल्याचं वाक्य तयार : त्याचं लक्ष नव्हतं. भवानी पेठ घ्या नाहीतर बल्लारपूर, वाक्य तेच.

दोस्तहो, दिवसभर ओंडके रेटणाऱ्याच्या कानात आऱ्याची किंकाळी, डोळ्यांत भुसा. ओलं लाकूड चिरताना फाक मिटते, पात्याला आवळते, फळी उलटी उसळते नि हात सरळ पात्यावर. हे टाळायला पात्यामागं एक पोलादी पट्टी, वर झाकण, ढकलायला हातभर दांडकं. चंद्रावर जायचं नाहीये. पण झाकणानं काम मंदावतं, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलेलं! मग लक्ष कुणाचं नव्हतं?

रेटणारे वस्तीतले, पाड्यावरचे. गल्ल्यावरची दहाही बोटं शाबूत, अंगठ्यांसकट.

1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 21 म्हणत होतं, धोक्याच्या यंत्राला आडोसा करा. पण विजेवरचा कारखाना ठरायला व्याख्येत 10 माणसं लागत. हजेरीपटावर नऊच. 2020 च्या संहितेनं 10 चे 20 केले. शाब्बास!

द्रोणानं अंगठा फुकट नेला. 1923 च्या भरपाई कायद्यानं भाव बांधला : अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली, तर्जनी गेली तर 14. पण पटावर नावच नाही, तो दावा काय कपाळ करणार? मलमपट्टीचे पैसे टेकवून मुकादम कोऱ्या व्हाऊचरवर अंगठा मागतो. कुठला अंगठा, भडव्या?

आधी पटावर नाव मागा. झाकण बसल्याबिगर बटण दाबू नका. एकट्यानं नाही, एकटा हाकलला जातो. सगळ्यांनी.